आईचे रक्त, संशोधनाचा कागद आणि परळचे रुग्णालय

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपल्या आईंचे वय ५४, राहणे निफाडजवळ. हिमोग्लोबिन ५.२ पर्यंत उतरले. नाशिकच्या रक्तपेढीत त्यांचा गट 'ओ' निघाला, पण 'ओ' गटाच्या चार पिशव्यांपैकी एकही क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी मिसळून पाहण्याच्या तपासणीत, जुळली नाही, म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना परळच्या केईएम रुग्णालयात पाठवले. तिथे तीन दिवसांत पाच-सहा तरुण डॉक्टरांनी आईंना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, "तुमच्या आईवडिलांचे लग्नाआधी काही नाते होते का?" या प्रश्नाने घरातली मंडळी दुखावली, आणि काल उपचारासाठी लागणाऱ्या रक्ताखेरीज जास्तीचे १० मिलिलिटर रक्त संशोधनासाठी घेण्याचे संमतीपत्र हातात ठेवले गेले. "तिथे गरिबांवर प्रयोग करतात, विद्यार्थी हात साफ करून घेतात, आईला उचलून खासगीत आणा," असे नातेवाईक म्हणत आहेत. सही करावी का, आणि आईंना तिथे ठेवावे का, असे आपण विचारता. ता.क. म्हणून आपण लिहिले आहे की घरून गुळवेलीचा काढा रोज पोहोचवला जातो. तो विषय मला ता.क.मध्ये ठेवता येणार नाही, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आईंना तिथून हलवू नका. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे निदान सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या रुग्णाचे रक्त कोणाशीच जुळत नाही आणि ज्याचे हिमोग्लोबिन पाचाच्या घरात आहे, त्याला कसाऱ्याच्या घाटातून परत आणून अशा रुग्णालयात ठेवणे, की जिथे रक्त न जुळण्याचे कारणच शोधता येणार नाही, हे जिवाशी खेळणे आहे. नाशिकच्या रक्तपेढीने पिशवी जुळत नाही म्हणून हात आवरला आणि तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता पुढे पाठवले, हे दोघांनीही योग्य केले.

मी नाशिकमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम करतो. माझे पदव्युत्तर शिक्षण मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक शिक्षण रुग्णालयात झाले, आणि त्यानंतर मी स्वतः अवघड रुग्ण अशा रुग्णालयांकडे पाठवत आलो आहे. म्हणजे वॉर्डात प्रश्न विचारणारा तरुण डॉक्टर मी होतो, आणि "साहेब, तिकडे पाठवू नका" म्हणणाऱ्या नातेवाइकांसमोर बसणाराही मीच आहे. या दोन्ही बाजूंनी जे दिसले, त्यावरून सांगतो.

ज्या गोष्टींची आपल्या नातेवाइकांना भीती वाटते, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी विचारपूस, खाटेभोवती जमणारे विद्यार्थी, प्रत्येक बारीक गोष्टीची नोंद आणि त्यातून निघणारे संशोधन, त्याच गोष्टींमुळे अशा ठिकाणी अवघड निदान हाती लागते. शिक्षण रुग्णालयात उपचार, अध्यापन आणि संशोधन अशी तीन वेगळी खाती तीन मजल्यांवर नसतात. एकाच खाटेशी तिन्ही कामे चालतात. सकाळच्या राऊंडला प्राध्यापक येतात तेव्हा हाऊसमनने, म्हणजे सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टरने, रात्री लिहिलेला केसपेपर रजिस्ट्रारने, म्हणजे त्याच्या वरच्या निवासी डॉक्टरने, वाचलेला असतो. प्राध्यापक त्यातले एखादे वाक्य उचलून विद्यार्थ्याला विचारतात, "हे तू स्वतः पाहिलेस की कागदावर वाचलेस?" या एका प्रश्नाने विद्यार्थी घडतो आणि रुग्णाचे निदानही तपासून निघते. खासगी रुग्णालयात एक अनुभवी डॉक्टर जे मनातल्या मनात ठरवतो, ते इथे चार माणसांसमोर मोठ्याने मांडून, कारण देऊन, कधी खोडून काढून ठरवले जाते.

माझ्या रजिस्ट्रार असण्याच्या काळातला एक प्रसंग सांगतो. पोटात कळा येतात आणि रक्त कमी आहे, म्हणून एक तरुण कामगार तीन वेळा दाखल होऊन गेला होता. जंतांचे औषध झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, दुर्बिणीने पोट पाहून झाले. चौथ्या वेळी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जिला उपचाराचा कसलाच अधिकार नव्हता, त्याच्याजवळ तासभर बसली, कारण तिला त्याच्या आजाराचा इतिहास लिहून दाखवायचा होता. ती आम्हाला येऊन म्हणाली की त्याच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ आहे आणि तो जुन्या बॅटऱ्या वितळवण्याच्या भट्टीवर काम करतो. ती रेघ शिशाच्या विषबाधेची होती. आम्ही सगळ्यांनी त्याचे तोंड उघडायला लावून जीभ पाहिली होती, हिरड्या पाहिल्या नव्हत्या. विद्यार्थ्याला घाई नसते आणि त्याला सगळेच नवे असते, हा अशा रुग्णालयातल्या रुग्णाचा फायदा आहे, आणि तो मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

आता आपल्या आईंच्या बाबतीत केईएम हेच ठिकाण योग्य का, हे सांगताना थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण त्याचा आपल्या आईंच्या रक्ताशी थेट संबंध आहे. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही जोडी १९२६ पासून एकत्र चालत आली आहे. मुंबईत त्याआधी १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय होतेच, पण तिथल्या वरच्या जागांवर बहुतेक इंग्रज अधिकारी असत. गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की महाविद्यालयातले अध्यापक भारतीयच असावेत. महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता होते, जे पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे दार सर्वांना उघडे. आणि अध्यापक असे, की ज्यांना आपल्या लोकांच्या आजारांचा अभ्यास आपणच करून दाखवायचा होता. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे गिरणगावातल्या कामगाराच्या खाटेशी जे दिसले, ते जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोहोचले.

त्यातली एक गोष्ट रक्ताची आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला असे काही रुग्ण समोर आले की ज्यांचा गट तपासला तर 'ओ' दिसे, पण 'ओ' गटाचे रक्त मिसळले की गुठळ्या होत. एरवी 'ओ' गटाचे रक्त सर्वांना चालते असे आपण शाळेत शिकतो. इथे तेच चालत नव्हते. घाईत असलेल्या माणसाने प्रयोगशाळेची चूक म्हणून नमुना फेकून दिला असता. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जपून ठेवला, पुन्हा तपासला, लंडनमधल्या रक्तगटतज्ज्ञांना सोबत घेतले, आणि १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या नव्या गटाची माहिती प्रसिद्ध केली. आज साऱ्या जगात त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. प्रत्येक 'ए', 'बी' किंवा 'ओ' गटाच्या माणसाच्या लाल पेशींवर 'एच' नावाचा एक पायाभूत पदार्थ असतो, 'ए' आणि 'बी' त्याच्यावर बांधले जातात, आणि 'ओ' गटात नुसता 'एच' राहतो. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. म्हणून पेशी तपासल्या तर 'ओ'सारख्या दिसतात, पण त्या माणसाच्या रक्तद्रवात 'एच'च्या विरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असतात आणि ती 'ओ' गटाच्या पेशींवरही तुटून पडतात. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते, आणि आपल्याकडे तो गट साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो.

हा गुण आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. नात्यात लग्न झालेल्या घरांत तो प्रकट होण्याची शक्यता वाढते, कारण दोघांकडे तोच दडलेला गुण एकाच पूर्वजाकडून आलेला असू शकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत किती घरांत होती, हे आपल्याला मी सांगायला नको. आता वॉर्डातल्या त्या तरुण डॉक्टरच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहा. त्याने आजोबा-आजींच्या नात्याबद्दल विचारले, ते त्याला घराण्याची उणीदुणी काढायची होती म्हणून नव्हे. नाशिकहून आलेल्या कागदावर "गट ओ, चारही पिशव्या न जुळणाऱ्या" हे वाचून त्याला जो पहिला संशय आला असणार, त्याचा तो प्रश्न होता. प्रश्नामागचे कारण त्याने एका वाक्यात सांगितले असते तर आपल्या घरातले कोणी दुखावले नसते, आणि तेवढी त्याची चूक मी मान्य करतो.

अर्थात आईंचा गट बॉम्बेच आहे असे मी म्हणत नाही. त्यांच्या वयाच्या स्त्रीमध्ये त्याहून अधिक आढळणारे दुसरे एक कारण आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाल पेशींवर उलटते, त्या फुटू लागतात, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते, डोळ्यांत पिवळसर झाक येते, कधी लघवी गडद होते, आणि ती प्रतिपिंडे जवळजवळ कोणाच्याही पेशींना चिकटत असल्यामुळे कोणतीच पिशवी जुळत नाही. या दोन कारणांत फरक करण्याची रीत सुटसुटीत आहे. रुग्णाचा रक्तद्रव त्याच्याच स्वतःच्या पेशींशी मिसळून पाहतात आणि डायरेक्ट कूम्ब्स ही, लाल पेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का हे सांगणारी, तपासणी करतात. स्वतःच्या पेशींशीही गुठळी होत असेल आणि कूम्ब्स पॉझिटिव्ह असेल, तर यंत्रणा स्वतःवर उलटली आहे. स्वतःच्या पेशींशी काही होत नाही, पण इतर प्रत्येक 'ओ' पेशीशी होते, तर बॉम्बे गटाचा किंवा आधीच्या बाळंतपणांतून अथवा रक्त दिल्यामुळे तयार झालेल्या इतर प्रतिपिंडांचा विचार करावा लागतो. पहिल्या प्रकारात स्टेरॉइडने उपचार सुरू होतो, आणि प्राणावर बेतले असेल तर त्यातल्या त्यात कमी विरोध करणारी पिशवी हळूहळू, नर्सची नजर हलू न देता दिली जाते. दुसऱ्या प्रकारात नेमक्या गटाचा दाता शोधावा लागतो. दोन वाटा इतक्या वेगळ्या आहेत, की कारण न शोधता रक्त देणे जितके धोक्याचे, तितकेच कारणाची वाट पाहत रुग्णाला रक्ताविना ठेवणेही धोक्याचे. रक्तगटांचा अभ्यास करण्यासाठी १९५७ मध्ये सुरू झालेले केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून केईएमच्याच आवारात आहे. आपल्या आईंच्या खाटेपासून त्या प्रयोगशाळेचे दार काही मिनिटांवर आहे. म्हणून मी म्हणालो, हलवू नका.

गुळवेलीविषयी आता लिहितो. केईएममध्ये पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आपल्या वनौषधींचा कसून अभ्यास झाला आहे. डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम आपल्या रुग्णांत काटेकोरपणे नोंदवला आणि १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. आपल्या वैद्यांना ही मुळी फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण किती मात्रेने किती दाब उतरतो, किती दिवसांनी, आणि कोणाला त्रास होतो, हे कोणी असे लिहून ठेवले नव्हते. त्या कामासाठी १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधशास्त्र विभागात गुळवेलीवर काम केले, आणि पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णांत गुळवेल दिल्यावर जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, असे १९९३ मध्ये दाखवले. हे वाचून काढा चालू ठेवावा असे आपल्याला वाटेल. परंतु करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल घेतली गेली, तेव्हा मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर प्रतिकारयंत्रणेच्या स्वरूपाची सूज आली होती. जी वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते, ती एका रुग्णाला तारू शकते आणि ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटली आहे त्याचे नुकसान करू शकते. आपल्या आईंच्या बाबतीत नेमका हाच संशय उभा आहे. काढा आजपासून बंद करा, आणि गेले किती दिवस, किती प्रमाणात दिला, हे युनिटच्या डॉक्टरांना आजच सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. यकृताच्या तपासणीत काही वेगळे दिसले, तर ही एक माहिती त्यांचे दोन दिवस वाचवेल.

आता त्या संमतीपत्राविषयी. आपण पाठवलेल्या वर्णनावरून ते कोणा एम.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे असावे. महाराष्ट्रात एम.डी. किंवा एम.एस. होण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि या सर्व महाविद्यालयांना जोडणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. दिंडोरी रस्त्याने वणीला जाताना आपण त्याच्या दारावरून कितीदा गेला असाल. म्हणजे परळच्या वॉर्डात आपल्या आईंच्या खाटेशी बसून तो मुलगा जे लिहितो आहे, ते पुढे म्हसरूळच्या विद्यापीठाला सादर व्हायचे आहे. ते काम त्याच्या मर्जीने सुरू झालेले नसते. आधी आराखडा लिहून संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. त्या समितीत कमीत कमी ७ सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, एक कायदा जाणणारा, आणि एक अगदी सामान्य नागरिक, ज्याने माहितीपत्रक वाचून म्हणायचे असते की हे मला समजले किंवा समजले नाही. या शेवटच्या सदस्याचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. मी ज्या समितीवर काही वर्षे काम केले, तिथे अशा एका गृहस्थांनी अनेक कागद "माझ्या आईला हे कळणार नाही" एवढे एकच वाक्य म्हणून परत पाठवले होते.

ही व्यवस्था का लागते, हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो. निवासी डॉक्टर असताना माझ्या प्रबंधासाठी मला ठरावीक रुग्णांचे रक्ताचे नमुने हवे होते. पेठ तालुक्यातून आलेली एक आदिवासी स्त्री दाखल होती. मी घाईत होतो. तिच्या अंगठ्याला शाई लावून मी कागदावर ठसा घेतला आणि म्हणालो, "रक्त तपासायचे आहे." तपासायचे होते हे खरे, पण तिच्यासाठी नव्हे, माझ्या तक्त्यासाठी होते, हे मी सांगितले नाही. दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याने मला जिन्यात अडवले आणि शांतपणे विचारले, "डॉक्टर, तुम्ही रक्त विकता का?" शेजारच्या खाटेवरच्या कोणीतरी त्याला सांगितले होते की तो नमुना उपचाराचा नव्हता. मी समजावू लागलो, पण त्याचा विश्वास उडाला होता. उपचार अर्धवट टाकून तो तिला घेऊन गेला. पुढे नाशिकला स्थायिक झाल्यावर त्या भागातले रुग्ण माझ्याकडे येऊ लागले, आणि "मुंबईला रक्त काढून घेतात" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आलो. त्यात माझ्या त्या पाच मिनिटांच्या घाईचा वाटा किती असेल, हा विचार अजूनही माझी पाठ सोडत नाही. तो नमुना मी प्रबंधातून काढून टाकला, पण ती स्त्री परत आली नाही.

म्हणून आपण सही करण्याआधी काय विचारावे, ते सांगतो. आधी हे ठरवून घ्या की हा अभ्यास नुसता नमुन्याचा आहे की औषधाच्या चाचणीचा. आपण लिहिल्याप्रमाणे १० मिलिलिटर रक्त एकदाच घ्यायचे असेल, तर तो नमुन्याचा अभ्यास आहे. दहा मिलिलिटर म्हणजे चहाचे दोन चमचे. आईंचे हिमोग्लोबिन उतरलेले असले तरी तेवढ्याने त्यांना अपाय होत नाही. पण त्यांच्या तपासण्यांसाठी रोज रक्त निघतेच आहे, आणि असे थोडे थोडे मिळून बरेच होते. म्हणून हा नमुना वेगळी सुई न टोचता, तपासणीसाठी रक्त काढतानाच घ्यावा, असे ठामपणे सांगा. समजूतदार डॉक्टर ते लगेच मान्य करतो. मग विचारा की नमुना किती दिवस साठवला जाईल, त्यावर आनुवंशिक तपासणी होईल का, आईंच्या नावाऐवजी क्रमांक लिहिला जाईल का, आणि आईंच्या उपचाराला उपयोगी पडेल असे काही त्यात निघाले तर ते आपल्याला कळवणार का. आपल्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण रक्तगटाच्या अभ्यासातून निघणारी माहिती पुढे प्रत्येक शस्त्रक्रियेत त्यांच्या उपयोगाची आहे. माहितीपत्रक मराठीतच मागा. त्याच्या शेवटच्या पानावर मुख्य संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा दूरध्वनी क्रमांक असतो, तो पाहून घ्या, आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. सही आईंची असावी. त्या शुद्धीवर आहेत, त्यांना समजते. त्यांच्या वतीने घरातल्या दुसऱ्या कोणी सही करण्याचे कारण नाही. आईंना लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, पण मग संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

औषधाची चाचणी असेल, तर प्रश्न वाढतात. तिथे रुग्णांचे दोन गट पाडले जातात आणि कोणाला कोणते औषध हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते, डॉक्टरच्या मर्जीने नव्हे. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण त्याशिवाय खरेखोटे कळत नाही. आज निफाडचा क्षयरोगी घरी राहून, कुटुंबात जेवून औषधे घेतो, कारण पन्नासच्या दशकात मद्रासमध्ये रुग्णांचे असेच दोन गट पाडून सॅनिटोरियममधला उपचार आणि घरचा उपचार यांची तुलना केली गेली, आणि १९५९ मध्ये दिसले की घरचा उपचार तितकाच गुण देतो. औषध-चाचणीवर २०१९ च्या नियमांचे बंधन आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, पूर्णपणे नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती घेताना चित्रीकरण करावे लागते, आणि जून २००९ पासून प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी देशाच्या नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. असा कागद कधी समोर आला, तर नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगता आला नाही तर सही करू नका.

आपल्या मनातली खरी भीती मी ओळखतो: "नाही म्हटले तर उपचारात हात आखडतील." तसे करण्याचा कोणालाही अधिकार नाही, आणि हे वाक्य संमतीपत्रात छापलेलेच असते. होकार दिल्यावरही कोणत्याही दिवशी, कारण न सांगता माघार घेता येते. तरीही कोणी दटावले, तर आवाज न चढवता त्या पानावरचा समितीचा क्रमांक दाखवा आणि युनिटप्रमुखांना भेटा. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच. आईंना थकवा आला असेल तर "आज एवढेच, बाकीचे उद्या" असे म्हणता येते. अंगतपासणीच्या वेळी पडदा आणि जवळ एक स्त्री असावी, हे मागता येते. मी स्वतः काय केले असते असे विचाराल, तर माझ्या आईला मी कागद वाचून दाखवला असता, वरचे प्रश्न विचारले असते, आणि उत्तरे समाधानकारक मिळाली असती तर तिला सही करायला सांगितले असते. सत्तर वर्षांपूर्वी कोणा अनोळखी रुग्णाचे न जुळणारे रक्त जपून ठेवले गेले, म्हणून आज आपल्या आईंच्या बाबतीत नेमके काय तपासायचे हे त्या हाऊसमनला ठाऊक आहे.

सार्वजनिक रुग्णालयाच्या उणिवा मी झाकणार नाही. गर्दी आहे, कधी दोन खाटांच्या मध्ये गादी टाकावी लागते, स्वच्छतागृहांची अवस्था मन खचवणारी असते, आणि छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर तुसडेपणाने बोलतो. त्याच्या बोलण्याचे मला समर्थन करायचे नाही, पण त्यावरून त्याच्या ज्ञानाचा अंदाज बांधू नका. काही अडले तर वॉर्डाच्या वैद्यकीय समाजसेवकांना गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद, बाहेरून आणायच्या औषधांची मदत, नातेवाइकांच्या राहण्याची सोय, हे त्यांचे काम असते आणि ते पुष्कळदा मनापासून करतात. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागेची चौकशी करा. पुढे फेरतपासणीला यायचे झाले, तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी ओपीडी गाठण्याचा बेत करू नका. गाडी दादरला पोहोचेपर्यंत केसपेपरची रांग बरीच पुढे गेलेली असते. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जा.

शेवटी येवल्याच्या आपल्या दोन मामांविषयी, ज्यांना रक्त द्यायला बोलावण्याचा आपला विचार आहे. आईंचा गट बॉम्बे निघाला, तर त्यांच्या प्रत्येक सख्ख्या भावाचा तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते, आणि तसे निघाल्यास त्या मामांइतका मोलाचा दाता दुसरा नाही. पण कूम्ब्स पॉझिटिव्ह येऊन कारण दुसरे निघाले, तर मामांचे रक्तही इतरांसारखेच विरोध करेल आणि त्यांना येवल्याहून धावत नेण्याचा उपयोग होणार नाही. म्हणून आज रजिस्ट्रारला एवढेच विचारा की डायरेक्ट कूम्ब्सचा आणि स्वतःच्या पेशींशी केलेल्या तपासणीचा निकाल काय आला. बॉम्बे गटाची खात्री झाली तरच मामांना पाठवा, आणि तेव्हा त्यांच्यासोबत आईंच्या नाशिकच्या क्रॉसमॅचचा मूळ कागद द्या, झेरॉक्स नको. त्यावर कोणती पिशवी कितपत विरोध करत होती, याची हाताने लिहिलेली नोंद असते, आणि झेरॉक्समध्ये ती पुसट होते.